चौरीचौऱ्याचा ठाणेदार

असहकारितेच्या चळवळीचा इतिहास सांगणाऱ्या प्रत्येक पुस्तकांत चौरीचौरा हें नांव येतें, आणि बहुधा एकाच वाक्यांत येऊन जातें. जमावानें पोलिसठाणें जाळलें, आंतील पोलीस मेले, गांधीजींनीं चळवळ थांबविली. एवढें सांगून लेखक बार्डोलीकडे वळतो. जे मेले ते कोण होते, त्यांचा नायक कोण होता, त्यांच्या नांवानें दगड कोणीं उभा केला आणि पुढें त्या दगडाचें काय झालें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कर्तव्यावर असतां मेलेल्या पोलिस अधिकाऱ्याचा सन्मान करणें ही गोष्ट एरवीं सोपी वाटते. हार घालावा, सलामी द्यावी, दोन शब्द बोलावे, कीं झालें. पण ज्या राज्याचें कर्तव्य त्यानें केलें तें राज्यच पुढें परकें ठरून निघून गेलें, तर त्या अधिकाऱ्याचें काय करावयाचें? हिंदुस्थानांत हा प्रश्न चौरीचौऱ्याइतक्या उघडपणें दुसऱ्या कोठें क्वचितच उभा राहिला असेल.

चौरी आणि चौरा हीं मुळांत दोन निरनिराळीं खेडीं. त्या वेळच्या संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागांत, गोरखपूर शहराच्या पूर्वेस सुमारें २५ किलोमीटरांवर तीं वसलेलीं आहेत. १८८५ सालीं त्या बाजूस आगगाडी आली, तेव्हां दोहोंमिळून एकच स्टेशन झालें आणि दोन्ही नांवें जोडून त्या स्टेशनाचें बारसें करण्यांत आलें. म्हणजे जें नांव पुढें सर्व देशाच्या तोंडीं झालें तें कोणा गांवकऱ्यानें ठेविलेलें नव्हे. तें रेल्वेच्या पाटीवर जन्मास आलें. गाडीबरोबर व्यापार आला. जवळच मुंडेरा येथें जमीनदाराच्या मालकीचा आठवड्याचा बाजार भरे, भोपा येथें कातड्यांचा व्यवहार चाले. गूळ, धान्य, कापड, मासळी ह्यांची ये-जा वाढली. सरकारचें ठाणें चौऱ्यास होतें.

आपल्याकडे ज्यास फौजदार म्हणत त्यास तिकडे दरोगा किंवा ठाणेदार म्हणतात. १८६१ च्या पोलिस कायद्यानें जी घडी बसविली तींत हा ठाणेदार म्हणजे इंग्रजी राज्याचें अगदीं शेवटचें टोंक होय. व्हाइसरॉय दिल्लीस, गव्हर्नर लखनौ-अलाहाबादेस, कलेक्टर गोरखपुरास. शेतकऱ्याच्या डोळ्यांस दिसे तो दरोगा. त्याच्या हाताखालीं लाल पगडीचे कांहीं शिपाई आणि गांवोगांवचे चौकीदार. हा चौकीदार आपल्याकडील जागल्याच्या किंवा रामोशाच्या तोडीचा इसम. पगार नांवाला, राहणें गांवांतच. रात्रीं गस्त घालावी, जन्ममृत्यूची वर्दी द्यावी, नवा माणूस आला तर ठाण्यांत कळवावें, एवढेंच त्याचें काम. ज्यांच्याविरुद्ध वर्दी द्यावयाची त्यांच्याच शेजारीं त्याचें झोपडें असे. त्या दिवशीं ठाण्यांत मेलेल्यांत असे चौकीदारही होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. राजवटीची अब्रू राखण्याचें काम शेवटीं सर्वांत कमी पगाराच्या माणसांकडे येतें.

गुप्तेश्वर सिंह हा १९२२ च्या आरंभीं ह्या ठाण्याचा दरोगा होता.

त्याच्या आधींच्या वर्षीं, ८ फेब्रुवारी १९२१ रोजीं, गांधीजी गोरखपुरास येऊन गेले होते. त्या एका दिवसानें जिल्ह्याची हवा पालटली. गांधीजींची निंदा केली म्हणून अमक्याचें वाटोळें झालें, नवस केला म्हणून तमक्याची हरवलेली गाय परत आली, अशा वार्ता गांवोगांव फिरूं लागल्या आणि वर्तमानपत्रांतही छापून येऊं लागल्या. गांधीजींनीं जें सांगितलें आणि लोकांनीं जें ऐकलें, त्यांत अंतर पडूं लागलें होतें. शहरांतील पुढाऱ्यांस ह्याची जाणीव थोडी होती, पण उपाय सुचत नव्हता. किंबहुना, ज्या श्रद्धेनें सभेला माणसें जमतात त्या श्रद्धेला आळा घालण्यास कोणता पुढारी उत्सुक असतो?

१९२२ च्या जानेवारींत चौऱ्याजवळच्या डुमरी गांवीं स्वयंसेवकांचें मंडळ निघालें. प्रतिज्ञापत्रांवर सह्या व आंगठे घेण्यांत आले. दारू आणि परदेशी कापड ह्यांच्या दुकानांवर निरोधन करावें, मांस-मासळीच्या चढ्या भावाविरुद्ध आवाज उठवावा, हा कार्यक्रम ठरला. नजर अली, लाल महंमद, भगवान अहीर हीं नांवें पुढें खटल्याच्या कागदांतून सर्वांस माहीत झालीं. ह्यांतील भगवान अहीर हा महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जाऊन आलेला आणि सरकारचें निवृत्तिवेतन खाणारा माणूस. तोच माणूस मुंडेऱ्याच्या बाजारांत स्वयंसेवक म्हणून उभा राहिलेला पाहून दरोगा संतापला, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यानें भगवान अहिरास मारहाण केली.

गुप्तेश्वर सिंहाचा गौरव करूं पाहणाऱ्यास हा प्रसंग वगळून पुढें जातां येणार नाहीं. बाजार उघडा ठेवणें, मारामारी होऊं न देणें हें दरोग्याचें काम होतें हें खरें. पण निःशस्त्र माणसास छडीनें वा काठीनें बडवून काढणें हें त्याच्याच सरकारच्या कोणत्याही कायद्यांत बसत नव्हतें. तें त्या काळच्या ठाणेदारीच्या रिवाजांत मात्र पूर्णपणें बसत होतें. एखाद्या कसब्यांतील दरोगा हात उचलीत नसे तर लोकांसच तें नवल वाटलें असतें. ह्या वेळीं फरक एवढाच पडला कीं मार खाल्लेला मनुष्य घरीं जाऊन निजला नाहीं. त्यानें मंडळाला कळविलें, आणि मंडळानें आसपासच्या गांवांना पत्रें धाडलीं.

४ फेब्रुवारी १९२२, शनिवार. मुंडेऱ्याच्या बाजाराचा दिवस. सकाळीं डुमरीस स्वयंसेवक जमले. ठाण्यावर जाऊन दरोग्यास जाब विचारावयाचा, आणि तेथून बाजारांत निरोधनास जावयाचें, असा बेत ठरला. वाटेंत माणसें मिळत गेलीं आणि जमाव दोन-अडीच हजारांवर गेला. ठाण्यांतही तयारी होती. गोरखपुराहून थोडी सशस्त्र कुमक आलेली होती, आणि गांवोगांवचे चौकीदार बोलावून घेतलेले होते. जमीनदाराच्या बाजूच्या वजनदार माणसांनीं मध्यें पडून मिरवणूक शांतपणें पुढें जाऊं द्यावी असा प्रयत्न केला. कांहीं काळ तो यशस्वी होतोसें दिसलें. मिरवणुकीचा पुढचा भाग ठाण्यावरून पुढें गेला सुद्धां. मग मागील लोक आणि पोलीस ह्यांच्यांत बाचाबाची झाली, टाळ्या वाजल्या, काठ्या उगारल्या गेल्या, आणि पोलिसांनीं हवेंत बंदुका झाडल्या.

सर्व अनर्थाचें मूळ त्या हवेंतल्या गोळ्यांत आहे. दरोग्याच्या हिशेबानें ती दयेची गोष्ट होती. माणसें न मारतां पांगवावीं, असाच तिचा अर्थ होता. जमावानें तिचा अर्थ निराळाच लावला. गोळ्या सुटल्या आणि कोणी पडलें नाहीं. तेव्हां गांधीजींच्या पुण्याईनें गोळ्यांचें पाणी झालें असा ओरडा झाला. रुळांवरची खडी हाताशींच होती. दगडांचा वर्षाव सुरू झाल्यावर पोलिसांनीं समोर नेम धरून गोळ्या घातल्या आणि जमावांतील तीन माणसें ठार झालीं, कित्येक जखमी झालीं. आतां माघार कोणासच उरली नाहीं. दारूगोळा सरत आला तसे पोलीस ठाण्याच्या इमारतींत शिरले. लोकांनीं दारें बाहेरून अडवलीं, बाजारांतून रॉकेल आलें, आणि ठाण्यास आग लागली. जे होरपळत बाहेर आले त्यांना काठ्यांनीं व दगडांनीं मारून पुन्हां आगींत लोटण्यांत आलें. मृतांचा आकडा कागदांत कोठें २२ तर कोठें २३ असा येतो. गुप्तेश्वर सिंह त्यांत होता. संध्याकाळपर्यंत तारा तुटल्या होत्या, रूळ उखडले गेले होते, आणि डुमरीच्या बाजूचीं गांवें ओस पडत चाललीं होतीं.

मेलेल्यांत हिंदु होते आणि मुसलमान होते. मारणाऱ्यांतही तसेच. दोन्ही बाजूंचीं माणसें त्याच जिल्ह्यांतलीं, तीच भोजपुरी बोली बोलणारीं, एकाच हंगामाच्या भरंवशावर पोट भरणारीं. ह्यापुढें इंग्रजी वृत्तपत्रांनीं ‘रानटी प्रजा’ आणि ‘राजनिष्ठ पोलीस’ असे जे दोन रंग रंगविले ते निदान चौऱ्याच्या आवारांत तरी इतके स्वच्छ वेगळे दिसत नव्हते.

ह्या पोलिसांच्या मरणाची दखल सरकारच्या आधीं आणि सरकारपेक्षां अधिक गंभीरपणें घेणारा मनुष्य बार्डोलीस बसला होता. व्हाइसरॉयला पत्र पाठवून झालें होतें, बार्डोली तालुक्यांत सामुदायिक कायदेभंग सुरू व्हावयाचा होता, सर्व देश श्वास रोखून वाट पाहत होता. चौरीचौऱ्याची हकीकत, पुत्र देवदास ह्यांच्या तारेसह, हातीं येतांच गांधीजींनीं निर्णय केला. ११ व १२ फेब्रुवारीस कार्यकारी समितीनें बार्डोली येथें चळवळ तहकूब केली. गांधीजींनीं स्वतः पांच दिवसांचें उपोषण केलें. १६ फेब्रुवारीच्या ‘यंग इंडिया’मध्यें त्यांनीं ह्या प्रकरणावर जो लेख लिहिला त्याचा आशय असा कीं, पोलिसांनीं पुष्कळ डिवचलें असेल, परंतु जे असहाय होऊन जमावाच्या दयेवर पडले होते त्यांना मारण्यास कोणतेंही डिवचणें पुरेसें कारण नव्हे. ज्यांच्या हातून कृत्य घडलें त्यांनीं पश्चात्ताप होत असेल तर आपण होऊन सरकारच्या स्वाधीन व्हावें, असाही सल्ला त्यांनीं दिला. मृत पोलिसांच्या कुटुंबांसाठीं प्रायश्चित्त म्हणून निधि जमविण्याचें काम देवदासांकडे आलें.

हें पाऊल सर्वांस रुचलें नाहीं हें सर्वश्रुतच आहे. नेहरू, बोस, लजपतराय हे तुरुंगांतून तळमळले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीस अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली तेव्हां नागपूरच्या डॉ. मुंजे ह्यांनीं गांधीजींवर निषेधाचाच ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्या वादांत बार्डोली, स्वराज्य, अहिंसा ह्या शब्दांची पुष्कळ उलाढाल झाली. जळालेल्या दरोग्याचा उल्लेख कोणाच्या भाषणांत आला असेल तर तो ओझरताच. गांधीजींच्या लेखांत मात्र तो लेखाच्या मध्यभागीं आहे. राजनिष्ठ म्हणून तो तेथें येत नाहीं. ज्याला मारण्याचा अधिकार कोणासही नव्हता असा माणूस म्हणून येतो. पोलिसाचा सन्मान करण्याची हीसुद्धां एक रीत आहे, आणि ती सरकारी सलामीहून अगदीं निराळी आहे.

सरकारची रीत न्यायालयांतून गेली. मीर शिकारी हा माफीचा साक्षीदार झाला. सव्वादोनशें आरोपी सेशन कोर्टाकडे गेले आणि ९ जानेवारी १९२३ रोजीं सेशन जज्ज होम्स ह्यांनीं त्यांपैकीं १७२ जणांस फांशीची शिक्षा फर्मावली. तेवीस मृतांपोटीं एकशें बहात्तर जीव! सर्व देशांत, आणि देशाबाहेरही, ह्या निकालानें खळबळ उडाली. अपील अलाहाबाद हायकोर्टांत चाललें. वकिलीचा झगा बरींच वर्षें बाजूस ठेविलेले पंडित मदनमोहन मालवीय आरोपींसाठीं पुन्हां उभे राहिले. ३० एप्रिल १९२३ च्या निकालानें १९ जणांची फांशी कायम झाली, ११० जणांस जन्मठेपेची शिक्षा झाली, ३ जणांस केवळ दंग्याबद्दल दोन वर्षें, आणि ३८ जण सुटले. जुलै महिन्यांत त्या एकोणीस जणांना प्रांताच्या निरनिराळ्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. भगवान अहीर त्यांत होता.

ह्याच सुमारास चौऱ्याच्या ठाण्याच्या आवारांत मृत पोलिसांचें स्मारक उभें राहिलें. राज्यकर्त्यांना त्याची निकड होती. कारण जिल्ह्याजिल्ह्यांतील शिपाई पगड्या टाकून घरीं जाण्याच्या विचारांत असतां, सरकार आपल्या माणसास विसरत नाहीं असें दगडावर कोरून दाखविणें त्यास भाग होतें. म्हणजे स्मारक मेलेल्यांचें खरें, पण तें वाचावयाचें होतें जिवंत असलेल्या पोलिसांनीं, आणि भ्यावयाचें होतें आसपासच्या शेतकऱ्यांनीं. एका दगडावर दोन कामें लादलीं कीं तिसरें, म्हणजे शोकाचें काम, मागें राहतें.

पंचवीस वर्षें तो दगड त्या कसब्याकडे पाहत उभा होता. स्वातंत्र्य आलें तेव्हां त्यावरील इंग्रजी अमदानीचा लेख छिलून काढण्यांत आला आणि ‘जय हिंद’ हीं अक्षरें त्यावर आलीं. ह्या प्रसंगाशीं बाबा राघवदास ह्यांचें नांव जोडलें जातें. महाराष्ट्रांतील श्रोत्यांना ह्या नांवाचें विशेष वाटावें असें कारण आहे. पूर्वांचलाचे गांधी म्हणून त्या मुलखांत पूजिले गेलेले हे साधु मूळचे पुण्याचे. १८९६ सालीं पुण्यांत एका महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांत त्यांचा जन्म झाला. तरुणपणींच घर सोडून ते उत्तरेस गेले, शरयूकांठीं बरहज येथें अनंत महाप्रभु ह्यांचे शिष्य होऊन राहिले, आणि तेथूनच असहकारितेंत उतरले. चौरीचौऱ्याच्या आरोपींस वांचविण्याच्या खटपटींत ते होते. गोरखपूरचें वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. ज्यांनीं फांशी गेलेल्यांच्या घरचीं रडणीं ऐकलीं होतीं, त्यांच्या पिढीला तो इंग्रजी लेख वाचवेना, हें समजण्यासारखें आहे. त्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, लेख गेला, पण स्तंभ पाडला गेला नाहीं. १९४७ मध्यें तो पाडण्यास कोणाची आडकाठी होती? ठाण्याच्या आवारांतील पोलीस आतां आपल्याच सरकारचे होते, जमावही आपलाच. तरीही स्तंभ राहिला, आणि ज्या दोन शब्दांसाठीं शेतकऱ्यांनीं काठ्या उचलल्या असत्या ते शब्द मेलेल्या पोलिसांच्या दगडावर कोरले गेले. ह्याला विटंबना म्हणावें कीं सामावून घेणें, ह्याविषयीं मतभेद होईल. राष्ट्रें कधीं कधीं न बोलतांच शहाणपणा करतात, असें मात्र वाटतें.

दुसऱ्या बाजूचें स्मारक होण्यास पुष्कळच अधिक काळ लागला. गांधीजींनीं ज्याला अपराध म्हटलें तें कृत्य स्वातंत्र्ययुद्धांत जमा धरावें कीं नाहीं, ह्याचा निकाल काँग्रेसच्या सरकारला लवकर करतां येईना. फांशीं गेलेल्यांचे वंशज मात्र त्याच गांवांत राहत होते. १९७१ सालीं गोरखपूर जिल्ह्यांतील कांहीं मंडळींनीं स्मारक समिति स्थापन केली आणि १९७३ मध्यें तळ्याकांठीं १२.२ मीटर उंचीचा त्रिकोणी मनोरा उभारला. त्याच्या प्रत्येक बाजूवर गळ्यांत फांस असलेल्या हुतात्म्याची आकृति आहे. त्यानंतर सरकारी स्मारकही झालें. कानपूरच्या बाजूस जाणाऱ्या एका आगगाडीला चौरीचौऱ्याचें नांव मिळालें. ४ फेब्रुवारी २०२१ रोजीं, घटनेस शंभरावें वर्ष लागलें तेव्हां, पंतप्रधानांच्या हस्तें शताब्दीचा आरंभ झाला आणि टपाल खात्यानें तिकीट काढलें. ज्यांना १९२२ त गुन्हेगार म्हटलें गेलें ते शंभर वर्षांनीं सरकारी रीतीनें हुतात्मे ठरले. एकोणीस फांशांचें देणें उशिरा कां होईना, पण फिटलें.

आणि ठाणेदार? स्वतंत्र भारताच्या पोलिसांनाही पुढें आपला स्मृतिदिन लाभला. २१ ऑक्टोबर १९५९ रोजीं लडाखांतील हॉट स्प्रिंग्ज येथें चिनी सैनिकांच्या गोळ्यांनीं केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले. तेव्हांपासून दरवर्षीं त्या दिवशीं देशभर कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांना मानवंदना दिली जाते, आणि त्या वर्षांत मेलेल्यांचीं नांवें वाचून दाखवितात. २०१८ सालीं त्याच दिवशीं दिल्लीस राष्ट्रीय पोलीस स्मारक उघडलें. त्याच्या भिंतींवर ३४ हजारांहून अधिक नांवें कोरलीं आहेत. गणना स्वातंत्र्यानंतरच्या मृतांपासून सुरू होते, तेव्हां गुप्तेश्वर सिंह आणि त्याच्याबरोबरचे शिपाई व चौकीदार तींत येत नाहींत. सीमा कोठें तरी आंखावीच लागते, आणि १५ ऑगस्ट ही तारीख त्यास सर्वांत सोयीची आहे. तथापि ह्या सीमेच्या अलीकडचा शिपाई आणि पलीकडचा शिपाई ह्यांच्यांत, तीच १८६१ ची घडी, तोच ठाण्याचा ओटा, तीच रात्रपाळी आणि तेंच घरीं पाठवावयाचें थोडेंसें वेतन ह्यांखेरीज फारसें अंतर शोधून सांपडत नाहीं. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीं गस्तीवर गेलेला चौकीदार सकाळीं परत आला तो दुसऱ्याच राज्याचा नोकर होऊन. त्याच्या हातांतील काठी तीच होती.

गुप्तेश्वर सिंहाच्या बाजूनें आणि विरुद्ध जें बोलतां येतें तें दोन्ही एकाच आठवड्यांत घडलें. भगवान अहिरास मारलें तें त्यानेंच. आणि पहिली फैर हवेंत झाडली गेली तीही त्याच्याच ठाण्यासमोर. आपल्या शिपायांस आंत घेऊन तो त्यांच्याबरोबरच मेला. त्याचा मार खाणारा माणूस दीड वर्षानें त्याच्या मरणापायीं फांशीं गेला. दोघांचीं स्मारकें आज त्याच कसब्यांत आहेत, एक ठाण्याच्या आवारांत आणि एक तळ्याच्या बाजूस. आणि स्टेशनाच्या पाटीवर दोन्ही खेड्यांचीं नांवें अजून जोडूनच लिहिलेलीं आहेत.